एररच्या आधीच्या ओळी

प्रोग्राम चालताना आपल्या कामाच्या ज्या नोंदी लिहीत जातो त्यांना लॉग म्हणतात. त्यातली एररची ओळ खोटं बोलत नाही, पण ती फार उशिरा बोलायला लागते. डेटाबेसने उत्तर दिलं नाही, जिथे आकडा हवा होता तिथे काहीच नव्हतं, फाईल सापडली नाही, एवढं सांगून ती गप्प होते. तो आकडा नाहीसा कुठे झाला, काम कोणत्या वाटेने तिथवर आलं, कॅशेमधून (झटपट मिळावं म्हणून जवळ ठेवलेल्या प्रतीतून) काही शिळं उचललं गेलं का, पलीकडच्या सेवेने आधी नकार देऊन मग होकार दिला होता का, हे सगळं त्या ओळीच्या आधीच घडून गेलेलं असतं. स्टॅक ट्रेस हाताशी असला तरी कोसळण्याच्या क्षणी कोणतं फंक्शन कोणाला बोलावून थांबलं होतं, एवढंच त्यात दिसतं. जे फंक्शन आपलं काम उरकून, चुकीचं उत्तर हातात ठेवून केव्हाच परत गेलं, त्याचं नाव तिथे नसतं. आणि बऱ्याचदा शोध त्याचाच असतो.

यातली खरी हळहळ अशी, की त्या आधीच्या ओळी लिहिणारा कोड अनेकदा तिथे असतोच. कुणीतरी विचार करून, जागा हेरून तो लिहिलेला असतो. कॅशे लागला की नाही, कितव्या प्रयत्नाला उत्तर मिळालं, कोणता नियम लागू झाला, सगळं डिबग पातळीवर, म्हणजे अगदी बारीक तपशिलाच्या पातळीवर, नोंदवलेलं. फक्त प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या वापरकर्त्यांसाठी चालणाऱ्या यंत्रणेत, ती पातळी बंद असते. बंद ठेवण्याला कारणंही चांगली आहेत. एकेका रिक्वेस्टमागे (वापरकर्त्याकडून आलेल्या मागणीमागे) शेकडो ओळी निघू शकतात. त्या डिस्कवर लिहायच्या, नेटवर्कवरून पाठवायच्या, साठवायच्या, शोधण्याजोग्या ठेवायच्या, आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या ‘ठीक चाललं आहे’ एवढंच सांगणाऱ्या. मग बिघाड झाल्यावर पातळी खाली आणायची आणि तोच बिघाड पुन्हा व्हायची वाट पाहायची, हा उपाय उरतो. काही बिघाड पुन्हा येतात. काही मात्र विशिष्ट ताण, विशिष्ट डेटा आणि विशिष्ट वेळ जुळली तरच उद्भवतात, आणि वाट पाहणाऱ्याला ते महिनोन् महिने तोंड दाखवत नाहीत.

या पेचातून सुटण्याची एक युक्ती आहे आणि मला ती सॉफ्टवेअरमधल्या फार सुंदर कल्पनांपैकी एक वाटते. सगळं नोंदवायचं, अगदी डिबगसकट, पण लगेच कुठे लिहायचं नाही. मेमरीतल्या एका बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवायचं. काम सुरळीत संपलं तर तो बफर टाकून द्यायचा. मध्येच एरर आली तर त्या क्षणी बफरमधलं सगळं, पहिल्या ओळीपासून, बाहेर काढायचं. कोणती ओळ महत्त्वाची हे ती लिहिताना ठरवण्याची सक्ती उरत नाही. तो निवाडा पुढे ढकलता येतो, पुरेशी माहिती हाती येईपर्यंत.

कल्पना नवी नाही. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या १.४ आवृत्तीत, २००२ साली, लॉगिंगची सोय भाषेसोबत आली तेव्हाच तिच्यात मेमरीहँडलर होता (हँडलर म्हणजे नोंद कुठे पाठवायची ते पाहणारा भाग). तो खरा वर्तुळाकार बफर आहे. वेगळं काही सांगितलं नाही तर एक हजार नोंदी धरतो, भरला की सर्वांत जुनी नोंद पुसून नवी लिहितो, आणि ‘सिव्हियर’ या सर्वांत गंभीर पातळीची नोंद आली की साठवलेलं सगळं पुढच्या हँडलरकडे ढकलतो. पायथन भाषेच्या प्रमाण ग्रंथालयातही (भाषेसोबत येणाऱ्या तयार कोडमध्येही) याच नावाचा हँडलर आहे, आणि नाव तेच असल्यामुळे वागणंही तेच असेल असा समज सहज होतो. तसं नाही. पायथनचा बफर भरला की जुनं टाकत नाही, सगळं पुढे पाठवून देतो, एरर आलेली असो वा नसो. प्रोग्राम संपताना हँडलर बंद होतो तेव्हाही उरलेलं लिहून टाकतो. ही दुसरी सवय मोडता यावी म्हणून ३.६ आवृत्तीत एक स्विच आला. पहिली मोडायची तर स्वतःचा वर्ग (क्लास) लिहावा लागतो. थोडक्यात, एक हँडलर विसरायला शिकलेला आहे आणि दुसरा फक्त गठ्ठे बांधून पाठवतो. गठ्ठ्याने पाठवल्यामुळे डिस्कवरच्या खेपा कमी होतात, पण लिहिल्या जाणाऱ्या ओळी तेवढ्याच राहतात. आपल्याला यातलं नेमकं काय हवं आहे, हे पहिल्याच दिवशी स्वतःला विचारलेलं बरं.

जावाच्याच लॉगबॅक या लॉगिंग ग्रंथालयात ईमेल पाठवणारा अपेंडर (तिथे हँडलरला हे नाव आहे) एरर येताच तिच्या आधीच्या नोंदींसह पत्र पाठवतो. वेगळं काही सांगितलं नाही तर तो शेवटच्या २५६ नोंदी जवळ बाळगतो. पीएचपी भाषेच्या मोनोलॉग या लॉगिंग ग्रंथालयात यासाठी स्वतंत्र हँडलर आहे आणि सिम्फनी या वेब फ्रेमवर्कच्या तयार प्रॉडक्शन मांडणीत तोच बसवलेला असतो. त्याचं एक वागणं मला विशेष आवडतं. एकदा ट्रिगर लागला (बफर उघडायला लावणारी नोंद आली) की तो बफर करणं थांबवतो आणि त्यानंतरच्या ओळीही थेट जाऊ देतो. एररनंतर काय झालं हेही तेवढंच मोलाचं असतं. डेटाबेसमधला व्यवहार मागे घेतला गेला का, डेटावरचं कुलूप (लॉक) सुटलं का, वापरकर्त्यापर्यंत कोणता संदेश पोचला.

अचानक वाईट बातमी आली की माणसाचं मन असंच मागे धावतं. आदल्या दिवशी फोनवर झालेलं साधं बोलणं, त्यातलं ‘जरा दमल्यासारखं वाटतंय’ हे वाक्य एकाएकी ठळक होतं. बातमी आली नसती तर ते वाक्य दोन दिवसांत विरून गेलं असतं, आणि ते विरणं योग्यच होतं. ऐकलेलं प्रत्येक वाक्य कायमचं जपणाऱ्या माणसाला जगणं अशक्य होईल. पण बातमी येईपर्यंत ते मनात कुठेतरी शिल्लक असावं लागतं. लगेच विसरायचं नाही आणि कायमचं ठेवायचंही नाही, या दोहोंमधल्या अवधीत हा सगळा विषय वसतो. लॉगच्या बफरबद्दल मला जी आस्था वाटते तिचं मूळ मला इथे सापडतं. काय विसरायचं याचा निर्णय शहाणपणाने लांबवणारी गोष्ट आपण यंत्रात बांधू शकतो, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

आता अडचणींकडे. पहिली म्हणजे, बफर कोणाचा? सर्व्हरवर एकाच वेळी अनेक रिक्वेस्ट चालू असतात. सगळ्या प्रोसेसचा (चालू प्रोग्रामचा) मिळून एकच बफर ठेवला तर एररच्या आधीच्या हजार ओळींत त्या एररच्या रिक्वेस्टच्या दहाच ओळी सापडतील, आणि बाकीच्या तिच्या शेजारून धावणाऱ्या, तिच्याशी देणंघेणं नसलेल्या कामांच्या. वर्दळ जास्त असेल तर त्या दहाही पुसल्या गेलेल्या असतील. म्हणून बफर कामागणिक हवा. प्रत्येक रिक्वेस्टला, रांगेतल्या प्रत्येक जॉबला स्वतःचा. पूर्वी एक रिक्वेस्ट म्हणजे एक थ्रेड (प्रोग्राममधला कामाचा एक धागा) असं असे, तेव्हा थ्रेडला बांधलेला बफर पुरत होता. असिंक कोडमध्ये एकच थ्रेड अनेक कामं आळीपाळीने पुढे सरकवतो, त्यामुळे बफर कामाच्या संदर्भासोबत प्रवास करायला हवा. पायथनमध्ये कॉन्टेक्स्टव्हार त्यासाठीच वापरता येतात. काम संपल्यावर तो रिकामा करायला विसरलं तर दीर्घकाळ चालणाऱ्या वर्करमध्ये मेमरी हळूहळू फुगत जाते, आणि काल यशस्वी झालेल्या जॉबच्या ओळी आजच्या एररसोबत बाहेर पडतात.

एकच काम अनेक सेवांमधून फिरत असेल तर गुंता आणखी वाढतो. पहिल्या सेवेने आपलं काम नीट संपवून बफर टाकून दिला आणि दोन सेकंदांनी तिसऱ्या सेवेत एरर आली, तर पहिलीच्या ओळी गेल्या. ट्रेसिंगच्या, म्हणजे एका कामाचा सेवांमधला सगळा प्रवास नोंदवण्याच्या, जगात यावर काढलेला तोडगा म्हणजे निवड शेवटी करणं. ओपनटेलिमेट्री या खुल्या प्रकल्पाचा कलेक्टर (माहिती गोळा करणारा भाग) अशा मांडणीत एका ट्रेसचे सगळे तुकडे काही काळ धरून ठेवतो, वेगळं काही सांगितलं नाही तर ३० सेकंद, आणि मग पूर्ण चित्र पाहून ठेवायचं की टाकायचं ते ठरवतो. त्यासाठी एका ट्रेसचे सगळे तुकडे एकाच कलेक्टरकडे पोचावे लागतात. ऐकायला ही छोटी अट वाटते, पण यंत्रणेची बरीचशी मेहनत तिच्यावरच खर्च होते.

दुसरी अडचण जास्त छुपी आहे आणि तिच्यापाशी मला थोडं थांबायचं आहे. लॉगची ओळ लिहिली जाते म्हणजे नेमकं काय होतं? पायथनमध्ये आपण एक साचा देतो आणि त्यात भरायच्या वस्तू देतो. त्यातून प्रत्यक्ष वाक्य तयार होतं ते नोंद कुठेतरी उमटायच्या वेळी. हा आळस मुद्दाम ठेवलेला आहे. जी ओळ कुठेच उमटणार नाही तिच्यासाठी वाक्य बांधण्याचे कष्ट वाचतात. पण बफर मध्ये आला की हाच आळस घात करतो. बफरमध्ये तयार वाक्य नसतं. साचा असतो आणि वस्तूकडे बोट दाखवणारा संदर्भ असतो. समजा, एका यादीत पाच घटक असताना आपण ती यादी डिबगमध्ये नोंदवली. पुढे कोडने ती यादी रिकामी केली. त्यानंतर एरर आली, बफर उघडला, वाक्य तेव्हा तयार झालं. लॉगमध्ये आता काय दिसेल? रिकामी यादी, आणि तीही ती भरलेली होती त्या वेळेच्या शिक्क्यासह. वाचणारा म्हणेल, यादी सुरुवातीपासूनच रिकामी होती, आणि चुकीच्या दिशेने निघून जाईल. एरवी लॉगमध्ये एखादी ओळ नसते तेव्हा आपल्याला निदान उणीव कळते. इथे ओळ असते, वेळ बरोबर असते आणि मजकूर मात्र नंतरचा असतो. पुराव्याचं याहून वाईट रूप मला सुचत नाही.

उपाय साधा आहे, पण फुकट नाही. बफरमध्ये घालतानाच वाक्य तयार करावं, किंवा निदान बदलू शकणाऱ्या वस्तूऐवजी तिच्यातले आवश्यक आकडे आणि अक्षरं उचलून ठेवावीत. पायथनचाच क्यूहँडलर नोंद दुसऱ्या थ्रेडकडे सोपवण्याआधी वाक्य तयार करून घेतो. मेमरीहँडलर तसं करत नाही. वाक्य आधीच बांधलं तर प्रत्येक यशस्वी रिक्वेस्टही त्या डिबग ओळींचा प्रोसेसरवरचा भार उचलते. बफरने वाचवली ती डिस्क आणि नेटवर्क, ओळ तयार करण्याचा खर्च नाही. हा हिशेब न मांडता ‘मेमरीतच तर आहे’ म्हणून प्रत्येक लूपमध्ये डिबग पेरणारा कोड संथ होतो, आणि मग दोष बिचाऱ्या कल्पनेला मिळतो.

तिसरी अडचण उघड आहे. मेमरी प्रोसेसबरोबर मरते. ज्या बिघाडासाठी बफर भरत ठेवला, त्याच बिघाडाने प्रोसेस संपली तर बफर कोण उघडणार? लिनक्सवर मेमरी संपल्यावर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ज्या प्रोसेसची निवड करतो तिला सिगकिल हा तात्काळ संपवणारा सिग्नल पाठवतो, आणि तो सिग्नल प्रोसेसला पकडता येत नाही. शेवटचं वाक्य बोलायलाही अवधी मिळत नाही. सेगमेंटेशन फॉल्टमध्ये, म्हणजे प्रोसेसने परवानगी नसलेल्या मेमरीला हात लावल्यावर, सिग्नल पकडता येतो, पण तो पकडणाऱ्या कोडमध्ये मोजकीच फंक्शन्स सुरक्षित असतात. तिथे मेमरी मागणं किंवा कुलूप घेणं म्हणजे आधीच मोडलेल्या प्रोसेसला अडकवून ठेवणं. यावरचा मला सर्वांत पटलेला मार्ग म्हणजे बफर फाईलशी जोडलेल्या सामायिक मेमरीत ठेवणं, म्हणजे एममॅप. लिहिण्याचा खर्च मेमरीत लिहिण्याएवढाच, पण मेमरीची ती पानं (तुकडे) कर्नलच्या ताब्यात असल्याने प्रोसेस गेली तरी राहतात. वीज गेली तर मात्र जातात. खुद्द कर्नलनेही स्वतःपुरती अशी सोय केलेली आहे. रॅमूप्स नावाची यंत्रणा मेमरीचा एक राखीव तुकडा वापरते. तो साध्या रीबूटमध्ये पुसला जात नाही, त्यामुळे पॅनिकआधीचे, म्हणजे कर्नलच कोसळण्याआधीचे, त्याचे संदेश मशीन पुन्हा उठल्यावर वाचता येतात.

बफर किती लांब असावा, याचं उत्तर शोधताना मी मेमरीच्या आकड्यांपेक्षा एका वेगळ्याच आकड्याकडे पाहू लागलो. बिघाड झाल्यापासून तो ओळखला जाईपर्यंत किती वेळ जातो? हे विमानांच्या बाबतीत स्वच्छ दिसतं. कॉकपिटमधला आवाज टिपणारा रेकॉर्डर जुनं पुसत नवं लिहितो. ५ जानेवारी २०२४ रोजी पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या १२८२ या उड्डाणात दरवाज्याच्या जागी बसवलेला पॅनेल हवेत निखळला. विमान सुखरूप परतलं. पण रेकॉर्डरची क्षमता दोन तासांची होती, त्याचा वीजपुरवठा वेळेत तोडला गेला नाही, आणि घटनेच्या वेळचं संभाषण पुसलं गेलं. तपास यंत्रणेने २५ तासांच्या रेकॉर्डरची शिफारस २०१८ मध्येच केली होती. युरोपात नव्या मोठ्या विमानांना तो बंधनकारकही होता. अमेरिकेत त्यासाठीचा कायदा मे २०२४ मध्ये झाला. विमान जमिनीवर उतरलं, माणसं वाचली, सगळं चांगलं झालं, आणि त्यामुळेच यंत्र चालू राहून स्वतःचं स्मरण पुसत गेलं. ट्रिगर लागला तरी पुसणं थांबवणारी कृती त्याच्यासोबत झाली नाही, तर बफर असून नसल्यासारखा.

याच्या उलट टोकाचं उदाहरण त्वचेखाली बसवायच्या लूप रेकॉर्डरचं आहे. ज्यांना कधीतरी अचानक भोवळ येते, त्यांच्या छातीवर त्वचेखाली हे छोटं उपकरण बसवतात. ते हृदयाचा आलेख सतत टिपतं आणि पुसत राहतं. ठोके फार मंद किंवा फार वेगवान झाले तर ते आपणहून नोंद जपतं. शिवाय रुग्णाकडे एक बटण दिलेलं असतं. शुद्धीवर आल्यावर त्याने ते दाबलं की मागच्या काही मिनिटांचा आलेख जपला जातो. इथे बफरची लांबी बेशुद्धीच्या अवधीपेक्षा मोठी ठेवलेली आहे, म्हणजे माणूस उशिरा बोलला तरी यंत्राला मागचं आठवतं. आणि काहीतरी बिघडलं हे सांगण्याचा हक्क केवळ यंत्राकडे ठेवलेला नाही. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये तो हक्क वापरकर्त्याला फार कमी वेळा मिळतो. ‘हे चुकलं’ म्हणणारं एक बटण, आणि ते दाबल्यावर त्या माणसाच्या शेवटच्या काही रिक्वेस्टचे बफर जपले जाणं, ही अवघड गोष्ट नाही. यशस्वी रिक्वेस्टचा बफर लगेच न टाकता काही मिनिटं ठेवावा लागतो, एवढंच.

त्या बटणाची गरज वाटते कारण ‘एरर पातळीची नोंद आली’ हा ट्रिगर मला दिवसेंदिवस तोकडा वाटत चालला आहे. तो एकीकडे फार बोलका आहे. सिम्फनीच्या तयार मांडणीत ४०४ (पान सापडलं नाही) आणि ४०५ (मागण्याची पद्धत मान्य नाही) हे एचटीटीपी कोड ट्रिगरमधून मुद्दाम वगळलेले असतात, कारण नसलेली पानं मागत फिरणाऱ्या बॉट्समुळे बफर सारखा उघडत राहील. डेटाबेस पडला तर प्रत्येक रिक्वेस्टमध्ये एरर येते, सगळे बफर एकदम उघडतात, आणि यंत्रणा आधीच गुदमरलेली असताना तिच्यावर एरवीच्या कित्येक पट ओळींचा लोंढा येतो. म्हणून उघडण्यावरही मर्यादा हवी. एकाच प्रकारच्या एररचे पहिले काही बफर पूर्ण जपावेत, बाकीच्यांची नुसती मोजदाद करावी. दुसरीकडे हाच ट्रिगर फार मुका आहे. हिशेब चुकला पण कोड कुठे अडखळला नाही, तर एरर नाही. नेहमी क्षणात होणारं काम दहा सेकंद रेंगाळलं, तरी एरर नाही. तीनदा फसून चौथ्यांदा जमलं, तर लॉगच्या दृष्टीने सगळं छान. वेळेची मर्यादा ओलांडणं, पुनःप्रयत्नांची संख्या, उत्तराची न जुळणारी बेरीज, हे सगळे ट्रिगर होऊ शकतात आणि व्हायला हवेत. त्यासाठी कुणीतरी आधी बसून आपल्या कामात ‘बिघडलं’ म्हणजे काय हे लिहून काढायला हवं. बफर कुठलंही तयार ग्रंथालय देईल. ही व्याख्या कुठलंच देणार नाही.

खासगी माहितीबद्दल थोडक्यात. ज्या डिबग ओळी कधी डिस्कवर पोचतच नाहीत त्या गळतही नाहीत, हा बफरचा मोठा गुण. पण ट्रिगर लागला की सर्वांत तपशीलवार, सर्वांत उघड्या ओळीच बाहेर पडतात. पासवर्ड आणि टोकन झाकायचे असतील तर ते बफरमध्ये जाण्याआधीच झाकावेत. कोणी कोणाच्या खात्यात काय बदललं याच्या ऑडिट नोंदी या खेळात आणूच नयेत. त्या लगेच आणि कायमच्या लिहायच्या असतात.

ट्रिगरवर ज्यांचं सगळं विज्ञान उभं आहे अशी माणसं म्हणजे सर्न या संशोधन केंद्रातल्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कणांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्रावरचे शास्त्रज्ञ. तिथे प्रोटॉनचे पुंजके सेकंदाला सुमारे चार कोटी वेळा एकमेकांना छेदतात. एवढं सगळं साठवणं अशक्य, म्हणून डिटेक्टरची माहिती काही मायक्रोसेकंद बफरमध्ये थांबते, तेवढ्यात पहिला ट्रिगर निर्णय देतो, आणि सेकंदाला लाखभर घटनाच पुढे जातात. पुढची चाळणी त्यांतूनही बहुतेक वगळते. जे टाकलं ते कायमचं गेलं. कुणी कल्पनाच केली नव्हती अशी घटना घडली तर ती ट्रिगरमधून निसटू शकते, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून ते काही घटना कोणतीही निवड न लावता, निव्वळ नमुना म्हणूनही जपतात.

हे मला आपल्या कामात जसंच्या तसं उचलण्याजोगं वाटतं. हजारातल्या एखाद्या रिक्वेस्टचा बफर, ती पूर्ण यशस्वी झाली तरी, यदृच्छेने निवडून तसाच लिहून ठेवायचा. याने न कल्पिलेल्या बिघाडाला पकडले जाण्याची एक संधी मिळते. आणि रोजच्या उपयोगाचीही एक गोष्ट घडते. बिघडलेल्या रिक्वेस्टचा लॉग एकटा वाचताना प्रत्येक ओळ संशयास्पद वाटते. कॅशे लागला नाही, हे नेहमीचं की आजचंच? दोनदा प्रयत्न करावा लागला, हे रोजच होतं का? शेजारी त्याच मार्गाने गेलेल्या चांगल्या रिक्वेस्टचा पूर्ण लॉग उघडला की दोन्ही ओळीला ओळ लावून वाचता येतात, आणि पहिला फरक जिथे दिसतो तिथला कोड आधी उघडायचा.